टेंटर लेनचं गवत

नेव्हिल ऑर्मरॉडने चौतीस वर्षांत एकदाच मैदान मुद्दाम बिघडवलं. तेही आपल्याच हाताने, कुणी बळजबरी केली नसताना.

उत्तर इंग्लंडमधल्या क्लेथवेटचा वॉलपेपरचा कारखाना बंद पडला तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. टाउन फुटबॉल क्लबच्या माळ्याची पाठ धरली होती म्हणून सहा आठवड्यांसाठी त्याला बोलावलं. पाठ काही सुटली नाही, नेव्हिल राहिला. पहिल्या वर्षी टेंटर लेनच्या मैदानावर गोलासमोर गवताचं एक पातं नव्हतं. जानेवारीत तिथे चिखल, मार्चमध्ये धूळ. त्याने ते अठरा इंच खणून काढलं, वाळू घातली, बी पेरलं आणि पुढे तीन उन्हाळे त्यावर कुणाला पाय ठेवू दिला नाही. क्लबच्या अध्यक्षालाही नाही.

त्याची बायको जॅनिस एकोणीस वर्षांपूर्वी बहिणीकडे मोरकॅमला निघून गेली. भांडण झालं नव्हतं. शनिवारी सामना, रविवारी दुरुस्ती, उन्हाळ्यात पेरणी. "तुला सुट्टी कधी असते ते लग्नाला एवढी वर्षं होऊन मला कळलं नाही," ती म्हणाली. नेव्हिलने विचार केला. त्यालाही सांगता आलं नाही.

सामना संपला की तीन पेन्शनर मदतीला यायचे. हातात दातेरी फावडी घेऊन ओळीने चालायचं, बुटांनी उखडलेलं प्रत्येक ढेकूळ मुळासकट बसवायचं, टाचेचं प्रत्येक भोक उचलून सारखं करायचं. फुकटचं काम, पण नेव्हिल त्यांच्या मागून तपासत यायचा. सेड्रिक पोलार्ड पोलिसातून निवृत्त झालेला. एकदा त्याच्या ओळीत एक भोक राहिलं.

"तीस वर्षं पोलिसात होतास ना?" नेव्हिल म्हणाला.

"होतो."

"मग गावात एवढ्या चोऱ्या का झाल्या ते आज कळलं. परत जा."

सेड्रिक परत गेला. पुढच्या शनिवारीही आला. नेव्हिलच्या हाताखाली जो टिकला तो असाच टिकला.

एकोणीस प्रशिक्षक त्याने येताना आणि जाताना पाहिले. त्यांतल्या बहुतेकांनी कधी ना कधी त्याला बाजूला घेतलं. कुणाला कोपऱ्यांत गवत वाढवून हवं होतं, म्हणजे लांब मारलेला चेंडू तिथे अडकेल. कुणाला पाहुण्यांचा डावा खेळाडू धावतो ती पट्टी ओली हवी होती. दुसरीकडचे माळी हे सर्रास करतात, हे नेव्हिलला माहीत होतं. गरीब क्लबच्या हातात तेवढंच असतं. पण त्याचं उत्तर ठरलेलं. "चेंडू या टोकाला पळतो तसाच त्या टोकाला पळेल. एवढं काम माझं. बाकीचं तुमचं तुम्ही बघा." एक जण यावरून त्याला मालकाकडे घेऊन गेला. चार महिन्यांनी तो प्रशिक्षक गेला, नेव्हिल रोलर ओढत होता.

टाउन क्लब शहाण्णव वर्षं लीगमध्ये होता. कधी तिसऱ्या थरात, बहुतेक वेळा चौथ्या, म्हणजे शेवटच्या. त्या थरातले तळाचे दोन संघ दर वर्षी लीगबाहेर जातात. टाउन अनेकदा काठावर येऊन वाचला होता. गावाला त्याची सवय झाली होती, जशी काहींना दातदुखीची होते.

तीन वर्षांपूर्वी कर्टिस व्हीलंड नावाच्या अमेरिकन माणसाने क्लब विकत घेतला. ओहायोत एका बेसबॉल संघात त्याचा हिस्सा होता. माणूस वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी गवताच्या कडेला थांबून त्याने विचारलं होतं, "पाय ठेवू का?" असं विचारणारा तो पहिला मालक. नेव्हिलने त्या दिवसापासून त्याला चांगल्यांत धरलं.

त्या शेवटच्या वर्षी फेब्रुवारीत टाउन तळापासून तिसरा होता. गोठलेल्या सकाळी व्हीलंड चहाच्या टपरीवर आला. टपरी डॉट काल्व्हर्टची. ती बटाट्या-कांद्याच्या गरम पेस्ट्र्या विकायची आणि सगळ्यांची मापं काढायची. नेव्हिल तिथे चहाच्या ग्लासावर हात शेकत उभा होता.

"मला एक समजत नाही," व्हीलंड म्हणाला. "या देशात एवढं प्रेम आहे खेळावर, आणि तरी वर्षानुवर्षं तेच तीन-चार संघ जिंकतात. जर्मनीत तर एकच संघ ओळीने अकरा वर्षं. लोक कंटाळत नाहीत?"

"आम्ही तिथवर पोचतच नाही, साहेब," डॉट म्हणाली. "त्यांचा कंटाळा त्यांनी करावा."

"आमच्याकडे बेसबॉलमध्ये वीस वर्षांत बारा-तेरा वेगळे विजेते झाले. जो संघ तळाला, त्याला नव्या पोरांतून निवड करायची पाळी आधी मिळते. श्रीमंत संघ जास्त उधळायला लागला तर त्याच्याकडून दंड घेतात. आणि खाली कुणी पडतच नाही. तीसच्या तीस संघ पुढच्या वर्षी तिथेच."

डॉटने पेस्ट्री उलटली. "मग हरायला मजाच आहे की. आमच्या पोरांना तिकडे पाठवा. ते पहिले येतील."

नेव्हिलने चहाचा घोट घेतला. मग म्हणाला, "तळाला गेल्यावर उरलेले दोन महिने खेळतात कशाला?"

व्हीलंड हसला नाही. "खरं सांगू? काही जण खेळत नाहीत. मुद्दाम हरतात. बोलत कुणी नाही, पण दिसतं."

"माळी असतात तिथे?"

"असतात. उत्तम असतात."

"ते काय करतात त्या दोन महिन्यांत?"

"गवत कापतात, बहुतेक."

"मग ते बरे," नेव्हिल म्हणाला आणि ग्लास खाली ठेवून कामाला गेला.

व्हीलंडला नियम माहीत होते. क्लब घेताना त्याच्या वकिलांनी कागदावर सगळं वाचलं होतं. पण ते नियम खरोखर लागू होतील यावर त्याचा विश्वास नव्हता. शहाण्णव वर्षांचा भागीदार कुणी दाराबाहेर काढत नाही, असं त्याला वाटत होतं. तिकडे सगळे संघ एकमेकांचे भागीदार. एक बुडाला तर सगळ्यांचं नुकसान. याच समजुतीवर त्याने जानेवारीत दोन चांगले खेळाडू विकून टाकले होते, पुढच्या वर्षी नव्याने संघ बांधू म्हणून. मार्चमध्ये तो लीगच्या बैठकीला गेला आणि यंदा कुणाला खाली पाठवू नये असा विषय काढला. बाकीच्या क्लबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मत द्यायची वेळ आली तेव्हा त्याच्या बाजूने एकच हात वर झाला, त्याचा स्वतःचा. तळाच्या बाकीच्या संघांनीही हात वर केला नाही. त्यांना टाउन खाली जायला हवा होता.

परत आल्यावर तो नेव्हिलला भेटला. जे होतं ते त्याने सरळ सांगितलं.

"नेव्हिल, तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये. लीगमध्ये खरं गवत लागतं. एक पायरी खाली ती अट नाही. आपण खाली गेलो तर मी इथे प्लॅस्टिकचा गालिचा घालणार आहे. मग तासातासाने भाड्याने देता येईल. शाळा, कारखान्यांचे संघ, रोज रात्री दहापर्यंत. नाहीतर क्लब तगणार नाही."

"गालिच्याला माळी लागत नाही," नेव्हिल म्हणाला.

"नाही. तसा नाही."

"बरं. सांगितलंत ते बरं केलंत."

तो दोरी आणि खुंट्या घेऊन रेघ आखायला गेला. त्या दिवशी आखलेली रेघ नेहमीसारखीच सरळ आली. त्याने दोनदा तपासली.

शेवटचा सामना उरला तेव्हा लीगमध्ये टिकायला टाउनला बरोबरी पुरेशी होती. समोर स्टॅनबर्न होता. एका गोदामवाल्याच्या पैशावर पंधरा वर्षांत गल्लीतून वर आलेला संघ. त्यांना पहिल्या नंबरासाठी विजय हवा होता. त्यांचे पोरगे चेंडू जमिनीवरून इतक्या वेगाने फिरवायचे की समोरच्याला तो फक्त ऐकू यायचा.

सोमवारी सकाळी प्रशिक्षक गेथिन प्रॉसर शेडमध्ये आला. वेल्सचा माणूस, विसावा प्रशिक्षक. सप्टेंबरपासून त्याने केस कापले नव्हते, कामच तेवढं होतं.

"नेव्ह, या आठवड्यात कापू नकोस."

"का?"

"का ते तुला माहीत आहे. आणि शुक्रवारी पाणी सोड. भरपूर."

"नाही."

प्रॉसर उलट्या बादलीवर बसला. "माझ्याकडे धडधाकट तेरा माणसं आहेत. त्यातल्या दोघांचे गुडघे पट्टीने बांधलेत. त्यांच्या बाकावर जो बसतो ना, नुसता बसतो, त्याला विकला तर आपला क्लब दोनदा येईल. तू सांग, मी बरोबरी आणू कुठून?"

"बरोबरी करणं हे मैदानाचं काम नाही."

"मग कुणाचं? लीग करत नाही. पैसेवाला कशाला करेल? उरलास तू."

नेव्हिल यंत्राच्या पात्याला तेल लावत राहिला. प्रॉसर उठला. "हरलो की हे गवत जाणारच आहे. कुणासाठी नीटनेटकं ठेवतोस?"

मंगळवार कापणीचा दिवस. नेव्हिलने यंत्र बाहेर काढलं, मैदानाच्या कडेला आणलं, आणि तिथे उभा राहिला. चौतीस वर्षांत आजारपणातही त्याचा मंगळवार चुकला नव्हता. वीसेक मिनिटांनी त्याने यंत्र परत शेडमध्ये नेलं. बुधवारीही गवत तसंच. एप्रिलअखेरचं ऊन, गवत दिवसाला बोटाच्या पेरात मोजता येईल असं वाढत होतं. शुक्रवारी दुपारी जेवणानंतर त्याने पाइप जोडला आणि मधल्या भागावर पाणी सोडलं. मग डावीकडे. मग पुन्हा मध्ये. हे कामही त्याने अर्धवट केलं नाही. कुठे किती मुरतं ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पाणी वर दिसणार नाही, पण खाली चार इंच लगदा होईल, असं त्याने बरोबर बेतलं.

डॉट टपरी पुसायला आली होती. "नेव्ह, तुझा नळ चालू राहिलाय."

"माहीत आहे."

तिने एकदा मैदानाकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. या बाईला एरवी गप्प बसणं जमत नसे. तिने त्याला नुसता चहा आणून दिला.

शनिवारी पंच आला. त्याने मध्यरेषेवर टाच दाबली. टाचेभोवती पाणी वर आलं. त्याने निरभ्र आकाशाकडे पाहिलं.

"पाऊस झाला का इथे?"

"इथे झाला," नेव्हिल म्हणाला.

"फक्त इथे?"

"डोंगराकडून येतो तो."

पंचाने बूट झटकला. "खेळता येईल," तो म्हणाला.

पहिला अर्धा भाग प्रॉसरने सांगितला तसाच गेला. स्टॅनबर्नने दहा पावलांवर मारलेला चेंडू पाचव्यालाच थांबायचा. ज्याच्याकडे जायचा तो पुढे निघून गेलेला असायचा. त्यांचा सोनेरी बुटांचा मधला खेळाडू दोनदा तोंडावर पडला. टपरीच्या बाजूला उभे असलेले म्हातारे रंगात आले.

"अरे, बूट काढून ठेव घरी. आईला धुवायला लागतील."

"गोदामातून होडी मागवा रे यांना."

शून्य-शून्य. मध्यंतरात सेड्रिक नेव्हिलच्या पाठीवर थाप मारून गेला. नेव्हिलला ती आवडली नाही.

साठाव्या मिनिटाच्या सुमाराला त्याने चेंडूकडे बघणं सोडलं आणि पायांकडे बघू लागला. चेंडू ही त्याची बाब कधीच नव्हती. बूट किती रुततो, किती वेळात सुटतो, हे तो बघायचा. टाउनच्या सहा नंबरवाल्याचा बूट आता घोट्यापर्यंत जात होता आणि तो पाय उचलत नव्हता, ओढत होता. डाव्या बाजूचा बचावपटू, वय छत्तीस, प्रत्येक धावेनंतर गुडघ्यांवर हात टेकत होता. आणि तेवढ्यात पलीकडच्या रेषेवर स्टॅनबर्नचे तीन खेळाडू अंगातले कोट काढून उभे राहिले. कोरडे, ताजे. दहा मिनिटांनी आणखी दोन.

तेव्हा नेव्हिलच्या ध्यानात आलं, आणि आल्यावर त्याला आपलीच लाज वाटली. ओल्या जमिनीवर रोलर ओढायला दुप्पट ताकद लागते, हे शिकायला त्याला कुणाची गरज नव्हती. ते तो दर हिवाळ्यात खांद्यांनी शिकला होता. जड जमीन दोघांकडूनही जास्त मेहनत मागते. ती मेहनत ज्याच्याकडे जास्त माणसं आहेत त्यालाच परवडते. पाच जण बदलायची मुभा दोघांना सारखीच होती. स्टॅनबर्नकडे पाचही होते. टाउनच्या बाकावर दुसरा गोलकीपर होता आणि गुडघा बांधलेला एक माणूस. त्याने बरोबरी करायला पाणी घातलं होतं, आणि ते सगळं आपल्याच माणसांच्या पायांत ओतलं होतं.

एकोणऐंशीव्या मिनिटाला पहिला गोल झाला. छत्तीस वर्षांचा बचावपटू वळला, पण त्याचा बूट वळला नाही. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला दुसरा. लोक आपापल्या जागी उभे राहिले, आणि शिट्टी झाली तरी थोडा वेळ तसेच उभे राहिले.

प्रॉसर मैदानाच्या कडेने चालत आला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. "तू जे करता येईल ते केलंस."

"मी चूक केली," नेव्हिल म्हणाला. "कोरड्या जमिनीवर ऐंशीव्या मिनिटाला तुझ्या माणसांच्या अंगात काहीतरी उरलं असतं."

"कोरड्यावर मध्यंतरापर्यंतच तीन झाले असते, नेव्ह."

"झाले असते. पण ते त्यांनी केले असते. यातला एक मी केला."

व्हीलंड अजून स्टँडमध्ये एकटा बसला होता. नेव्हिल तिथून जाताना तो म्हणाला, "मला शेवटपर्यंत वाटत होतं की कुणीतरी हे थांबवेल."

"कोण?"

"तेच," व्हीलंड म्हणाला. "तेच मला सांगता येत नाही."

सेड्रिक आणि दुसरे दोघे फावडी घेऊन आले होते. मैदानाची दशा त्यांनी आजवर अशी पाहिली नव्हती. कुठून सुरू करायचं ते कळेना.

"भरायचं का हे?" सेड्रिकने विचारलं. "महिन्याभरात उपटून टाकणार आहेत."

"सामना झाला की भोकं भरायची. दुसरा नियम कुणी सांगितला तुला?"

एरवी दीड तासाचं काम. त्या दिवशी चार तास लागले. उजेड मावळेपर्यंत ते चौघे ओळीने चालत होते. नेव्हिल त्यांच्या मागून तपासत आला. दोघांना परत पाठवलं. स्वतःच्याही ओळीत परत गेला.

जूनमध्ये कंत्राटदाराची यंत्रं आली. दोन दिवसांत त्यांनी चौतीस वर्षांचं गवत खरवडून ट्रकमध्ये भरलं. खाली खडी, त्यावर रबर, त्यावर गालिचा. उत्तरेकडच्या कोपऱ्यात पातळी अर्धा इंच चुकली आहे, हे नेव्हिलने त्यांच्या मुकादमाला दाखवलं. मुकादम म्हणाला, "काका, गालिच्याखाली कोण बघतंय?" तो भला माणूस होता, त्याने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. चूक तशीच राहिली.

व्हीलंडने कुठलाही शब्द दिला नव्हता, तरी एक काम नेव्हिलसाठी काढलं. गालिच्यावरचे धागे दबतात, ते आठवड्यातून दोनदा ट्रॅक्टरमागे ब्रश लावून उभे करावे लागतात. मंगळवार आणि शुक्रवार. डॉटला वाटलं होतं तो नाही म्हणेल. "मोरकॅमला जा की," ती म्हणाली. "जॅनिस दार तरी उघडेल."

"तिथे जाऊन काय करू?"

"लोक करतात तेच. बसायचं."

तो हो म्हणाला. पेन्शनला अजून तीन वर्षं होती, आणि दुसरं काही त्याला येत नव्हतं.

पहिल्या मंगळवारी तो सात वाजता आला. ब्रश जोडला, दाब तपासला, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पट्ट्यांत ट्रॅक्टर चालवला. वळताना ब्रश उचलला, म्हणजे धागे मुरगळणार नाहीत. पट्टीला पट्टी बरोबर भिडली. काम चाळीस मिनिटांत संपलं.

ट्रॅक्टर बंद करून तो खाली उतरला. समोर सगळं हिरवं होतं. वाकून बघण्याजोगं काही नव्हतं. भोक नाही, किडा नाही, ओल नाही. तो कडेला उभा राहिला. पावणेआठ झाले. दहाला एका गोदामाच्या कामगारांचा संघ येणार होता. तोवर करायला काहीच नव्हतं.

तो पुन्हा ट्रॅक्टरवर चढला आणि आता आडव्या पट्ट्या मारू लागला.

डॉट टपरीची फळी उघडत होती. ट्रॅक्टर कडेला आला तेव्हा तिने हात करून थांबवलं. "काय झालं? पहिल्यांदा नीट बसलं नाही का?"

"बसलं होतं," नेव्हिल म्हणाला, आणि ट्रॅक्टर वळवला.